गिधाडं गेली आणि काहीच बिघडलं नाही? साफ असहमत

सह्यकडा (धागाकर्ता):
'गिधाडं गेली, जग बुडालं का?' ही 'आकडेमोड' यांची पोस्ट कालपासून फिरतेय. म्हणणं थोडक्यात असं: गिधाडं संपली, त्यांची जागा कुत्र्या-कावळ्यांनी घेतली, मेलेली ढोरं काही रस्त्यात साठून राहिली नाहीत. म्हणजे अन्नजाळ्यातली एखाददुसरी जात गेली तरी जाळं सावरतं, जैवविविधतेचा बाऊ करू नका.

जागा घेतली म्हणजे काय केलं? पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 1992 ते 2007 मध्ये 99.9 टक्क्यांनी घटली. त्यांचा थवा अख्खा बैल तासाभरात हाडांपर्यंत साफ करायचा, आणि त्यांच्या जठरातलं आम्ल इतकं जहाल की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच संपायचे. कुत्री तेच मढं दिवसच्या दिवस ओरबाडतात. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, कुत्री एका वेतात पाच-सहा पिल्लं टाकते. गिधाड जिवंत प्राण्याच्या मागे लागत नाही. कुत्रं सशाच्या, काळविटाच्या पाडसाच्या, जमिनीवरच्या घरट्यांच्या मागे लागतं. वर रेबीज. मढं खाणं एवढं एकच काम दोघांत सारखं आहे, बाकी सगळं वेगळं.

2024 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडं असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची तुलना केली. 2000 ते 2005 या काळात सुमारे 5 लाख जादा माणसं मेली असा त्यांचा अंदाज आहे. याला सावरणं म्हणायचं?

आकडेमोड:
माझी पोस्ट नीट वाचली असती तर बरं झालं असतं. 5 लाख हा अंदाज आहे, कुणी मृत्यूचे दाखले मोजलेले नाहीत. त्याच वर्षांत त्या जिल्ह्यांत पाणी, दवाखाने, शेती यांत बदल झाले नसतील का? आणि मुद्दा गिधाडांचा नव्हताच. 'जितक्या जास्त जाती तितकं जाळं पक्कं' हे शाळेपासून घोकवलं जातं. रॉबर्ट मे या शास्त्रज्ञानं 1972 मध्येच गणितानं दाखवलं की जाती आणि त्यांच्यातले संबंध वाढत गेले तर व्यवस्था अस्थिर व्हायची शक्यता वाढते. त्याचं उत्तर द्या.

सह्यकडा:
देतो. मे यांनी संबंध यदृच्छेनं जोडले होते. रानात कोण कुणाला खातं हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. खऱ्या जाळ्यात थोडे संबंध घट्ट आणि पुष्कळ सैल असतात, आणि हे सैल संबंधच चढउतार आवरतात, हे 1998 पर्यंत गणितानंच दाखवलं गेलं. अर्धंच गणित सांगू नका.

जुन्नरचा शेतकरी:
गणित राहू द्या. गावोगाव कुत्री झाली, त्यांच्या मागं बिबट्या उसात आला तो आलाच. ते कुणी लिहीत नाही. थ्री फेजची वीज रात्री देतात, मोटर चालू करायला जायचं म्हणजे जीव मुठीत. चुलत्याची शेळी गोठ्यातून उचलली, पंचनाम्याला माणूस आला तोवर दाखवायला काही उरलं नव्हतं.

डोंगरवाट:
ऊस कुणी लावला, दादा? बिबट्याला लपण तुम्हीच दिलंत. धरण, कालवा, ऊस, मग बिबट्या. गिधाडांवर कशाला ढकलता?

जुन्नरचा शेतकरी:
मग काय लावू? कांद्याला भाव तुम्ही देणार का? उसाला निदान कारखाना तरी आहे.

ठाणेकर:
दोघंही थोडं शांत व्हा. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के कुत्री निघाली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबटे कुत्री खातात म्हणून माणसांना कुत्री चावण्याचं प्रमाण कमी राहतं, असं 2018 मध्ये मांडलं गेलंय. म्हणजे बिबट्या उपयोगाचाच आहे.

जुन्नरचा शेतकरी:
तुमच्या सोसायटीला भिंत आहे, गेटवर वॉचमन आहे. आमची पोरं उसाच्या कडेनं शाळेत जातात. इथं पोरं गेलीत, साहेब. उपयोगाचा म्हणताना तोंड कसं होतं तुमचं?

ठाणेकर:
शब्द चुकीचा पडला, मान्य. अभ्यास चुकीचा नाही.

डोंगरवाट:
धागा गिधाडांचा आहे, आठवण करून देतो.

ढोरांचा डॉक्टर:
गिधाडांवरच बोलतो, मी त्या काळात औषधं टोचलीत. बैल लंगडला, गाईच्या कासेला सूज आली, की डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. स्वस्त, आणि जनावर संध्याकाळी उभं राहायचं. त्यातलं एखादं दोन दिवसांत मेलं तर माळावर. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडायची. कारण 2004 मध्ये कळलं. शंभरात एकापेक्षा कमी मढ्यांत औषध असलं तरी एवढी घसरण होऊ शकते, असा हिशेब त्याच वर्षी निघाला. 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तर लोक माणसांसाठीच्या त्याच औषधाची मोठी बाटली आणायला लागले. ती बंद व्हायला 2015 उजाडलं. किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक ही तशीच गिधाडांना घातक औषधं, त्यांच्यावर जनावरांसाठी बंदी थेट 2023 मध्ये. गिधाडांना न बाधणारं मेलोक्सिकॅम इतकी वर्षं हाताशी होतं. याचा मला आजही संताप येतो.

आकडेमोड:
डॉक्टर, यातून माझाच मुद्दा निघतो. या गिधाडांच्या तीन जाती होत्या. एक घटली तर दुसरी काम करेल, हाच तुमच्या लोकांचा विमा ना? तिन्ही एकाच औषधानं कोसळल्या.

सह्यकडा:
हा मुद्दा खरा आहे, आणि नाइलाजानं मान्य करतो. तिन्ही जवळच्या नात्यातल्या, तिघींची कमजोरी एकच. नुसती संख्या मोजून भागत नाही, एका घावाला सगळ्या सारख्याच बळी पडतात का हे पाहावं लागतं. पण म्हणून 'काही बिघडलं नाही' कसं होतं? वेगळ्या धाटणीचे जीव जपा, असाच त्याचा अर्थ निघतो.

वेशीबाहेरचा:
एक विचारू? 'पूर्वी गिधाडं सगळं साफ करायची' असं सगळे लिहिताय. मढं गोठ्यातून माळापर्यंत कोण ओढत होतं? माझा आजा. बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा, म्हणजे महारांच्या वतनी जमिनीचा, तुकडा आणि वर्षभर शिवाशिव. 1927 ला महाडमध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, पुढं आमच्या लोकांनी ओढणंही सोडलं. गिधाडं परत यावीत, मलाही वाटतं. पण जुन्या गावगाड्याचं कौतुक त्याच्यासोबत परत आणू नका.

सह्यकडा:
बरोबर बोललात. जाळ्याच्या चित्रात मी माणूस काढलाच नव्हता. आज नाशिक, रायगड, गडचिरोलीकडे गिधाडांसाठी तपासलेलं मढं ठेवतात. तिथे ओढण्याचं काम पगारी, हातमोज्यांसह आणि कुठल्याही जातीच्या माणसाचं असलं पाहिजे.

आकडेमोड:
'काय बिघडलं ते मोजा' असं मथळ्यात हवं होतं, इतपत मान्य. 5 लाखांवर माझा विश्वास अजून बसलेला नाही.

जुन्नरचा शेतकरी:
डॉक्टर, पुढच्या वेळी गाईला टोचताना औषधाचं नाव विचारून घेईन, एवढं माझ्या हातात आहे. बाकीच्यांनी दिवसा वीज मिळावी म्हणून एखादा अर्ज आमच्या बाजूनं लिहा. सगळ्यांना लिहायला चांगलं येतंय.