मदत हवी आहे : विद्यापीठांतील सामाजिक न्यायाचे काम एकमेकांशी जोडण्याबाबत

नमस्कार. आमच्या विद्यापीठात समान संधी केंद्र, समाजकार्य विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना हे तिघेही ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर काम करतात, पण एकाचे दुसऱ्याला ठाऊक नसते. गेल्या हंगामात कामगारांच्या एकाच तळावर (तात्पुरत्या वस्तीवर) पंधरा दिवसांत दोनदा तेच सर्वेक्षण झाले, तेव्हा कोपीच्या (कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीच्या) दाराशी बसलेल्या एका मावशींनी “परवाच सगळं लिहून नेलं की,” असे म्हणून आम्हाला परत पाठवले, आणि ते योग्यच होते. १९६९ पासूनच्या सेवा योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात; ते तास ही कुटुंबे जिथून स्थलांतर करतात त्या बीडसारख्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांशी जोडून वापरता यावेत, यासाठी आंतरविद्यापीठीय जाळे उभारायचे आहे. असा सामंजस्य करार कोणी केला असल्यास त्याचा मसुदा, आणि कुटुंबांची माहिती गोपनीय ठेवून विभागांमध्ये कशी वाटून घेतली, हे कृपया कळवावे.