वादळानंतरचा जनरेटर आणि दोन्हीकडे पिन असलेली वायर

खाडीकाठ:
मे उजाडला की आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यात पेट्रोलवरच्या छोट्या जनरेटरची चौकशी सुरू होते. साहजिक आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ येऊन गेलं, त्यानंतर कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. त्यामुळे जनरेटर घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. माझा राग आहे तो जोडणीवर. वायरीच्या दोन्ही टोकांना पिनटॉप लावायचे, एक जनरेटरमध्ये खुपसायचा, दुसरा घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगमध्ये, की सगळं घर उजळतं. ही जोडणी करून देणारे वायरमनही आहेत!

घर उजळतं तशीच ती वीज मीटरमधून उलटी बाहेर पडून खांबावर जाते. रोहित्राला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, दिशा कळत नाही. ११ हजार व्होल्टचे ४३३ करणारं तेच रोहित्र आपले २३० व्होल्ट पलीकडे हजारोंवर नेऊ शकतं, आणि तिथे कुणीतरी तुटलेली तार जोडत असतो. माझं स्पष्ट मत आहे की चेंजओव्हर (घर एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच) बसवल्याशिवाय घराच्या वायरिंगला जनरेटर जोडणं हा गुन्हाच धरला पाहिजे, आणि चेंजओव्हरशिवाय दुकानदारानं जनरेटर विकूच नये.

सुरंगी:
गुन्हा? मेन स्विच खाली पाडला की विषय संपला. आमच्याकडे सासरे आधी मेन पाडतात, मगच जनरेटर सुरू करायची दोरी ओढतात. वादळानंतर घरात म्हातारी माणसं, इन्शुलिन फ्रीजमध्ये, विहिरीवरचा पंप बंद. अशा वेळी वायरमनच्या घरी दहा खेपा घालूनही तो मिळत नाही, तो चेंजओव्हर कधी बसवणार? नियम करणाऱ्यांनी जरा गावात राहून बघावं.

शिवाय शंभर घरांचा लोड असलेल्या लायनीवर एका घराचा दोन केव्हीएचा जनरेटर काय वीज सोडणार? लोड आला की तो घुसमटून बंदच पडतो.

जुनालाईनमन:
ताई, हा शेवटचा मुद्दा पुष्कळ जण सांगतात. लाईन अखंड असेल तर बरोबरही आहे, जनरेटर लगेच दबतो. पण वादळात लाईन अखंड असते कुठे? आंब्याची फांदी पडून तार मध्येच तुटली की तुमच्या बाजूला दोनच घरं उरतात, कधी फक्त तुमची सर्व्हिस वायर. तेवढ्यावर जनरेटर आरामात चालतो. आणि खांबावरच्या माणसाला मरायला हजारो व्होल्ट लागत नाहीत. २३० पुरतात, वरून पडला तर खाली दगड असतातच.

आम्ही काम करण्याआधी डीओ (खांबावरचे ड्रॉप-आउट फ्यूज) काढतो, टेस्टरनं बघतो, दोन्ही बाजूंना तार अर्थ करतो. तो नियमच आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण तुमचा जनरेटर टेस्टरनं बघताना बंद असला आणि संध्याकाळी सातला चालू झाला, तर? निसर्गच्या वेळी बाहेरच्या जिल्ह्यांतून लाईनमनच्या टोळ्या आल्या होत्या. त्यांना कुठल्या घरात काय आहे हे ठाऊक नसतं.

माडबन:
मी धागाकर्त्याच्याही विरोधात आणि ताईंच्याही. घराच्या वायरिंगला हात लावायचाच कशाला? जनरेटर अंगणात, त्याच्या सॉकेटमधून जाड एक्स्टेन्शन बोर्ड आत, त्यावर फ्रीज, दोन दिवे, मोबाइल. ना चेंजओव्हर, ना वायरमन. गरीब माणसावर खर्च लादून गुन्हेगार ठरवण्यापेक्षा हे शिकवा.

खाडीकाठ:
फ्रीज-दिव्यांपुरतं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि ज्याला चेंजओव्हर जमत नाही त्यानं हेच करावं. अडतं ते पंपाशी. त्याची वायर थेट स्टार्टरमध्ये गेलेली असते, तिला पिन नसते. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाचसहा पट ओढते, म्हणून लोक मोठा जनरेटर घेतात, आणि मोठा घेतला की सगळं घरच त्यावर घ्यावंसं वाटतं.

सुरंगीताई, तुमचे सासरे मेन पाडतात हे चांगलंच आहे. पण ते मुंबईला गेले असताना शेजारचा मुलगा दोरी ओढेल, तो पाडेल का? आणि त्या वायरीची दुसरी पिन प्लगमधून निसटली तर उघडी पितळेची टोकं जिवंत असतात. घरात लहान मूल असेल तर मला विचारसुद्धा करवत नाही.

वायरिंगवाला:
एक तांत्रिक गोष्ट. सिंगल फेज घराला चेंजओव्हर बसवताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे डबल पोलच घ्या. नुसता फेज बदलून न्यूट्रल लायनीला जोडलेला ठेवणारे कारागीर आहेत. हे चालत नाही, तुमचं घर बाहेरच्या लायनीपासून पुरतं तुटत नाही. थ्री फेजला चार पोलचा. मधे शून्य असलेला घ्या: एक बाजू लाईन, मधे बंद, दुसरी बाजू जनरेटर. मुठीची रचनाच अशी की दोन्ही एकदम लागू शकत नाहीत. मेन पाडायचं कुणी विसरलं तरी बिघडत नाही. जनरेटरच्या किमतीपुढे याचा खर्च फार थोडा आहे.

आणखी एक. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा अर्थला जोडलेला नसतो. घरातला ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) अशा वेळी गळती पकडेलच असं नाही. वायरमनकडून तपासून घ्या.

सुरंगी:
डबल पोलचं मला माहीत नव्हतं, ते सासऱ्यांना सांगते. पण गुन्ह्याच्या भाषेला माझा विरोध कायम आहे. दंडाची भीती घातली की लोक जनरेटर लपवून चालवतील. मागच्या पडवीत, दार लावून. पावसात तसाही तो पडवीतच येतो.

जुनालाईनमन:
पडवीत मुळीच नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. घरापासून लांब, मोकळ्यावर, वर पत्र्याचं छप्पर आणि चारी बाजू उघड्या. खिडकीच्या दिशेला धूर नको.

दंडाबद्दल मी ताईंच्या बाजूनं. त्यापेक्षा जनरेटर असलेल्या घरांची यादी ग्रामपंचायतीनं मेमध्येच वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला द्यावी. टोळी वाडीत शिरण्याआधी आम्हाला कुठली दारं ठोठवायची ते कळेल.

खाडीकाठ:
यादीची कल्पना उत्तम, येत्या ग्रामसभेत मांडतो. दुकानदाराचा मुद्दा मात्र सोडत नाही. विकतानाच चेंजओव्हर सोबत दिला तर वादळानंतर वायरमन शोधत फिरायची वेळच येणार नाही.