सुपरमार्केट चेनला माल देतो, पैसे चार-चार महिने अडकतात, वर डेबिट नोटा (आमच्या बिलातून परस्पर पैसे कापल्याच्या नोंदी). कायदा काही करतो का?

धायरीची_स्वाती:
नमस्कार मंडळी. आमचा धायरीला छोटा कारखाना आहे, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, उपवासाची भाजणी असं बनवतो, सोबत आठ-दहा बायका कामाला आहेत. आधी सदाशिव पेठेतली आणि कर्वे रोडची दुकानं आणि सोसायट्यांमधल्या ऑर्डरी एवढंच होतं, गेल्या वर्षीपासून एका मोठ्या सुपरमार्केट चेनला माल जातोय. नाव लिहीत नाही, समजून घ्या.

तर करारात पेमेंट 90 दिवसांनी लिहिलंय, प्रत्यक्षात चार महिने लागतात. ते एक वेळ सोसलं असतं पण पैसे येतात तेव्हा कापून येतात. दिवाळीत त्यांनी चकली भाजणीवर स्कीम लावली, आम्हाला विचारलं पण नाही, आणि स्कीमचा अर्धा भार आमच्या नावावर डेबिट. डिस्प्लेचे वेगळे. सगळ्यात चीड येते ती डॅमेजची. आमचा टेम्पो सकाळचा स्लॉट असून दुपारपर्यंत गोदामाच्या गेटवर उभा असतो, मग आतला मुलगा बॉक्स मोजतो, एक बॉक्स फोडून पाकिटावरची तारीख बघतो, पाकीट काट्यावर ठेवतो, आणि मग जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची पावती मिळते, त्यावर माल पूर्ण मिळाला म्हणून सही शिक्का. आणि त्याच लॉटची दोन महिन्यांनी मेलवर डॅमेजची डेबिट नोट! फोटो नाही काही नाही. कोणत्या स्टोअरमध्ये फुटलं ते पण नाही.

बाहेरच्या देशात यावर नियम आहेत असं ऐकलंय. आपल्याकडे काय आहे? आणि तक्रार केली तर आमचा माल शेल्फवरून उतरवतील ही भीती आहेच, खोटं कशाला बोलू.

सीए_कोथरूड:
स्वातीताई, पहिला प्रश्न, उद्यम रजिस्ट्रेशन (लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का? असेल तर तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे.

2006 चा एमएसएमईडी म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा कायदा बघा, कलम 15. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, करारच नसेल तर 15 दिवसांत. म्हणजे तुमच्या करारातलं 90 दिवसांचं कलम कायद्यापुढे टिकत नाही, तुम्ही सही केली असली तरी. उशीर झाला की कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. 2024 मध्ये बँक रेट 6.75 होता, म्हणजे 20.25 टक्के झाले. शिवाय हे व्याज त्यांना खर्च म्हणून दाखवता येत नाही.

आता तुमच्या डॅमेजबद्दल, हे नीट वाचा कारण बहुतेक लोकांना माहीतच नसतं. मालाबद्दल तक्रार असेल तर डिलिव्हरीपासून 15 दिवसांच्या आत लेखी कळवायची, नाही कळवली तर माल स्वीकारला असं धरलं जातं आणि दिवस डिलिव्हरीपासूनच मोजायचे. दोन महिन्यांनी आलेली डेबिट नोट दाखवून ते पेमेंटची मुदत लांबवू शकत नाहीत. तुमच्याकडची ती शिक्क्याची जीआरएन म्हणजे सोनं आहे, सगळ्या जपून ठेवा, स्कॅन करून ठेवा, ती शाई उडते.

पैसे नाहीच आले तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करायचा, तो आपल्याकडच्या सुविधा परिषदेकडे (लघु उद्योगांच्या थकीत पैशांचे वाद सोडवणारं सरकारी मंडळ) जातो, त्यासाठी मुंबई-बंगळुरूला जावं लागत नाही. करारात वाद अमुक शहरात लवादाकडे जाईल असं लिहिलेलं असलं तरी परिषदेकडे जाता येतं, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये महाकाली फूड्सच्या निकालात हे स्पष्ट केलंय. आधी समझोत्याचा प्रयत्न होतो, मग लवाद. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर रकमेच्या 75 टक्के आधी भरावे लागतात. कायद्यात 90 दिवसांत निकाल म्हटलंय, प्रत्यक्षात खूप जास्त लागतात हे पण सांगून ठेवतो.

आणि आयकराचं 43बी(एच). 2023-24 पासून असं आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि 31 मार्चला बाकी राहिले तर त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, पैसे देतील त्या वर्षी मिळते. मार्चमध्ये अकाउंट्सवाले अचानक फोन उचलायला लागतात ते यामुळे.

भुसारी_मार्केटयार्ड:
सीए साहेब हे सगळं ठीक आहे पण आमचं काय ते पण सांगा. आम्ही गुलटेकडीला डाळी-कडधान्याचे व्यापारी, चेनला माल आम्ही पण देतो. व्यापाऱ्याला उद्यम मिळतं 2021 पासून, पण ते फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं, हे 45 दिवसांचं संरक्षण आम्हाला लागू नाही म्हणतात. आम्हाला गावाकडच्या मालाचे पैसे लगेच मोजावे लागतात, 25 किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पॅकिंगला जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी, तो बिल फाडलं की पुढच्या महिन्यात खिशातून भरायचा आणि समोरचा चार महिन्यांनी देणार. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीचं भांडवल आम्हीच पुरवायचं. ताई तुमचं उत्पादन आहे, तुम्हाला कायदा तरी आहे, सोडू नका.

सीए_कोथरूड:
भुसारी शेठ, बरोबर आहे, निव्वळ ट्रेडिंगला ते संरक्षण नाही आणि माझ्या मते ही कायद्यातली मोठी उणीव आहे. तुमच्या हातात एक गोष्ट आहे, बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांना घेतलेलं इनपुट क्रेडिट (तुमच्या बिलावरच्या जीएसटीची घेतलेली वजावट) व्याजासकट परत करावं लागतं. पाच महिने झाले की त्यांच्या टॅक्स विभागाला मेल टाका, खरेदी विभागाला नाही.

आधी_खरेदीत_होतो:
मी अशाच एका चेनच्या खरेदी विभागात बरीच वर्षं होतो, आता बाहेर आहे म्हणून लिहितो.

आतून कसं चालतं ते सांगतो. कॅटेगरी मॅनेजरला (एका प्रकारच्या मालाची खरेदी बघणारा) फक्त खरेदीच्या भावावर मोजत नाहीत, वर्षभरात सप्लायरकडून डिस्प्ले, स्कीम, नवीन स्टोअर उघडण्याचा सपोर्ट या नावाखाली किती काढलं त्याचं वेगळं टार्गेट असतं, त्याला बॅक मार्जिन म्हणतात. तिमाही संपत आली आणि टार्गेट अपुरं असलं की डेबिट नोटा निघतात. आणि त्या कोणाला निघतात, जो उलट विचारत नाही त्याला. मोठ्या कंपन्यांची माणसं लगेच मेलवर पुरावा मागतात, त्यांच्या नोटा रद्द पण होतात. छोटा सप्लायर घाबरून गप्प बसतो, त्याच्याकडून वसूल होतं. हे चुकीचं आहे हे तेव्हाही दिसत होतं.

म्हणून स्वातीताई, प्रत्येक डेबिट नोटेला मेलने उत्तर द्या, फोनवर बोलू नका. चार ओळी पुरतात, ही नोट मान्य नाही, जीआरएन नंबर अमुक, तारीख अमुक, स्टोअरचं नाव आणि फोटो पाठवा. पुढच्या वर्षीची टर्म शीट (व्यवहाराच्या अटींचा कागद) सहीला येईल तेव्हा डॅमेज जास्तीत जास्त किती टक्के धरायचं ते आकड्यात लिहून घ्या, आणि आमच्या लेखी होकाराशिवाय स्कीमचा खर्च डेबिट करणार नाही ही एक ओळ घाला. मागितलं तर देतात, मी दिलेली आहे.

शेल्फवरून उतरवण्याची भीती खरी आहे, नाही म्हणणार नाही. पण मेतकूट-भाजणी पुण्यात त्यांना हवीच असते, गिऱ्हाईक काउंटरला विचारतं. एका चेनवर अर्धा धंदा उभा करू नका एवढं मात्र नक्की करा, कर्वे रोडची दुकानं तोडू नका.

लेस्टरचा_पुणेकर:
बाहेरच्या देशांचं विचारलंय म्हणून, इंग्लंडचं सांगतो. इथे 2010 पासून किराणा पुरवठ्याची आचारसंहिता आहे, ज्या चेनची किराण्याची वार्षिक उलाढाल 1 अब्ज पौंडांच्या वर आहे त्यांना बंधनकारक. झालेला करार मागच्या तारखेने बदलायचा नाही, पैसे उशिरा द्यायचे नाहीत, दुकानात फुटलं-चोरीला गेलं त्याचा भार सप्लायरवर टाकायचा नाही, आणि माल काढायचा तर खरं व्यावसायिक कारण आणि पुरेशी आधी नोटीस. म्हणजे स्वातीताईंनी लिहिलेलं जवळजवळ सगळंच त्यात आहे.

नुसत्या नियमाने भागलं नाही म्हणून 2013 मध्ये कायदा करून स्वतंत्र लवाद अधिकारी नेमला. त्याला तपास करता येतो, उलाढालीच्या 1 टक्क्यापर्यंत दंड करता येतो, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणं त्याच्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. टेस्कोची चौकशी झाली, 2016 च्या जानेवारीत निष्कर्ष आला की त्यांनी स्वतःची आर्थिक बाजू चांगली दिसावी म्हणून सप्लायरचे पैसे जाणूनबुजून उशिरा दिले. दंड मात्र झाला नाही कारण दंडाचा अधिकार त्या प्रकारानंतर आला होता. 2019 मध्ये को-ऑप या चेनवर पण संहिता मोडल्याचा ठपका आला. भाव किती द्यायचा यात तो अधिकारी पडत नाही, आणि चेनला थेट माल देणाऱ्यालाच संरक्षण, मधे दलाल असेल तर शेतकऱ्याला नाही. ऑस्ट्रेलियात अशी संहिता आधी ऐच्छिक होती, 1 एप्रिल 2025 पासून सक्तीची झाली. युरोपात नाशवंत मालाला 30 दिवस आणि बाकीच्याला 60.

आपल्याकडे पैशाच्या मुदतीचा कायदा उलट जास्त कडक आहे, 45 दिवस आणि तिप्पट व्याज. पण डिस्प्ले, स्कीम, डॅमेज, माल उतरवणं यावर किराण्यासाठी वेगळा नियम नाही आणि नाव न सांगता तक्रार करायची सोय नाही. स्पर्धा आयोगाकडे जायचं तर आधी ती चेन बाजारात वर्चस्व असलेली आहे हे दाखवावं लागतं, आणि गल्लोगल्ली किराणा दुकानं असताना ते सिद्ध करणं अवघड. ही मागणी सप्लायरच्या संघटनांनी मिळून लावून धरली पाहिजे, एकट्यादुकट्याचं काम नाही हे.

धायरीची_स्वाती:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. उद्यम 2021 मध्येच काढलंय, चेनचा करार त्याच्या नंतरचा आहे. पण नंबर बिलावर छापत नव्हतो, चालेल का? आणि चेनच्या माणसाने मध्यंतरी सहज म्हणून सुचवलं होतं की उद्यम रद्द करा म्हणजे ऑर्डर वाढवतो. तेव्हा कळलं नव्हतं का म्हणतोय ते.

सीए_कोथरूड:
रद्द अजिबात करू नका! 43बी(एच) आल्यावर बऱ्याच ठिकाणी हे सुरू झालंय. उद्यम करारानंतर काढलं असतं तर आधीच्या मालाला फायदा मिळत नाही असे निकाल आहेत, तुमचं आधीचं आहे, उत्तम. आता बिलावर नंबर छापायला लागा आणि त्यांच्या अकाउंट्सला सर्टिफिकेटसकट मेल करा की आम्ही लघु-सूक्ष्म मध्ये आहोत, पोच मागा. कंपन्यांना 45 दिवसांवरच्या थकबाकीचं विवरण दर सहामाहीला कंपनी निबंधकाकडे भरावं लागतं, एप्रिल आणि ऑक्टोबरअखेर. तुमचा मेल त्याच्या आधी पोचला तर बरं. थकलेल्या बिलांची यादी करा, बिल, जीआरएन, तारीख, रक्कम, कापलेली रक्कम, आणि मला व्यनि करा, व्याज काढून देतो. फी नको, पुढच्या खेपेला भाजणी पाठवा.