‘सिंगल साइन-ऑन’ला कामगारांसमोर मराठीत काय म्हणावं?

शब्दवेल्हाळ:
चाकणच्या एका कारखान्यासाठी मराठी मजकूर करतेय. तिथलं सुरक्षा प्रशिक्षण मूडल या ऑनलाइन कोर्सच्या प्रणालीवर चालतं. आतापर्यंत मूडलचा पासवर्ड वेगळा होता. आता हजेरी आणि पगारपत्रक ज्या कंपनीच्या खात्यातून बघतात, त्याच खात्यानं मूडलही उघडेल. आयटीकडून आलेल्या मजकुरात सिंगल साइन-ऑन, ऑथेंटिकेशन, ऑथरायझेशन, असर्शन, टोकन अशी फौज आहे. वाचणारे बहुतेक आयटीआय झालेले ऑपरेटर. मी सध्या ‘एकल प्रवेश’ आणि ‘प्रमाणीकरण’ लिहिलंय. कसं वाटतं?

पेठेतला:
‘एकल’ म्हटलं की एकल पालक, एकल महिला आठवतात. ते एक वेळ चालेल, पण शिकायच्या जागी ‘प्रवेश’ अजिबात नको. प्रवेश म्हणजे अ‍ॅडमिशन. ‘एकल प्रवेश’ वाचून माणूस विचारेल, म्हणजे आता एकच कोर्स करता येणार का? आणि ‘साइन’ म्हणजे सही. ‘साइन-ऑन करा’ म्हटल्यावर पेन शोधणारे मी पाहिलेत.

‘एकच लॉगिन’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

फेज-तीनची-बस:
लॉगिनला अनुमोदन. खरी मारामारी पुढच्या जोडीत आहे. ऑथेंटिकेशन म्हणजे ‘तू कोण?’, ऑथरायझेशन म्हणजे ‘तुला काय करायची मुभा?’ कारखान्याच्या गेटवर पास बघून आत सोडतात, पण म्हणून टूलरूममध्ये कोणीही शिरत नाही, तसंच. आयटीतले लोकसुद्धा या दोन्हींची खिचडी करतात. ओऑथ २.० हे २०१२चं मानक मुळात परवानगी देण्याघेण्यासाठी आहे. ओळखीसाठी त्याच्यावर ओपनआयडी कनेक्ट चढवलं ते २०१४ मध्ये. तरी ‘ओऑथनं लॉगिन’ सर्रास म्हणतात.

कोशातून उचलून ऑथरायझेशनला ‘प्राधिकरण’ करू नका, एवढी विनंती. आमच्याकडे प्राधिकरण म्हणजे निगडीची वसाहत.

शब्दवेल्हाळ:
:) नाही करत. ऑथेंटिकेशनला शासकीय परिभाषेतलं ‘अधिप्रमाणन’ सापडलं होतं, पण ते फायलीत शोभतं. ‘ओळख पटवणे’ कसं आहे?

पेठेतला:
अर्थाला अचूक, पण ‘ओळख पटली’ हे बातमीत बहुधा मृतदेहाबाबत वाचलेलं असतं. पडद्यावर ‘तुमची ओळख पटली नाही’ असं आलं तर दचकायला होईल. ‘ओळख तपासत आहोत’ बरं. परवानगीला परवानगीच म्हणा.

मुळाकाठ:
असर्शनला ‘ग्वाही’ हा शब्द सुचवते. सॅमल २.० या लॉगिनच्या मानकात (२००५) नेमकं तेच घडतं. मूडल स्वतः पासवर्ड विचारत नाही, माणसाला कंपनीच्या ओळख-सर्व्हरकडे पाठवतं. तो सर्व्हर तपासणी करून सही केलेला मजकूर देतो: हा अमुक माणूस, आत्ता तपासला, हे फक्त मूडलसाठी, अमुक वेळेपर्यंतच ग्राह्य. ‘दावा’ म्हटलं की समोरचा शंका घेणार, शिवाय कोर्ट आठवतं. ग्वाहीत तिसरा भरवशाचा माणूस असतो. मुदत थोड्या मिनिटांची असते, त्यामुळे दोन्ही सर्व्हरची घड्याळं जुळत नसली तर खरी ग्वाहीसुद्धा फेटाळली जाते.

अर्थात हा शब्द आयटीच्या मराठी टिपणासाठी. ऑपरेटरला ग्वाही दिसायचं कारणच नाही.

सेफ्टीवाला:
मी शॉपवर प्रशिक्षण घेतो, म्हणून मध्ये बोलतो. ‘टोकन’ शब्द कुठेही ठेवू नका. आमच्याकडे टोकन नंबर म्हणजे माणसाचा कंपनीतला नंबर. ‘तुमचे टोकन संपले आहे’ असं स्क्रीनवर आलं की तो थेट युनियन ऑफिसात जाईल. काही कंपन्यांत त्यालाच तिकीट नंबर म्हणतात, त्यामुळे तिकीटही नको.

फेज-तीनची-बस:
हे भारीच! लॉगिन झाल्यावर मिळणाऱ्या पुराव्याला कर्बेरॉस या लॉगिन-पद्धतीत तिकीट म्हणतात, ओपनआयडीत टोकन. दोन्ही शब्द शॉपनं आधीच घेऊन ठेवलेत. ‘वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा’ एवढं पुरे.

सेफ्टीवाला:
दुसरं, कॅन्टीनजवळ दोन कॉम्प्युटर आहेत, सगळे त्यावरच कोर्स करतात. त्याचं कसं?

मुळाकाठ:
मग सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘लॉगआउट’. पहिल्यानं मूडलमधून लॉगआउट केलं तरी ब्राउझरमध्ये कंपनीच्या खात्याचं सेशन, म्हणजे चालू लॉगिन, जिवंत राहू शकतं. दुसऱ्यानं लॉगिन दाबलं की पासवर्ड न विचारता तो पहिल्याच्या नावानं आत. क्रेनची परीक्षा दिली एकानं, प्रमाणपत्र निघालं दुसऱ्याचं. सुरक्षा प्रशिक्षणात ही गंमत नाही.

आयटीला सांगा, त्या दोन कॉम्प्युटरवर दर वेळी ओळख नव्यानं तपासायची. सॅमलमध्ये त्यासाठी ‘फोर्स-ऑथन’ आहे, ओपनआयडीत ‘प्रॉम्प्ट’ला ‘लॉगिन’ ही किंमत देतात. सगळीकडून एकदम बाहेर काढणारं सिंगल लॉगआउट सॅमलमध्ये आहे खरं, पण त्यावर विसंबू नये, एखादी प्रणाली हमखास दाद देत नाही. बटणावर मात्र दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत: ‘मूडलमधून बाहेर’ आणि ‘कंपनीच्या खात्यातून बाहेर’.

पेठेतला:
प्रमाणपत्रावरून आठवलं. आयटीवाले ग्वाहीवर सही करायला जे सर्टिफिकेट वापरतात त्याचीही मुदत संपते. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा (कंपन्यांची लॉगिन-खाती सांभाळणारी सेवा) स्वतःहून बनवतं ते ३ वर्षांचं असतं. ‘प्रमाणपत्राची मुदत संपली’ अशी सूचना शिकणाऱ्याला दिसली तर तो कोर्स परत करायला बसेल. तिथे ‘सर्व्हरची अडचण, आयटीला कळवा’ लिहा.

शब्दवेल्हाळ:
किती कामाचं मिळालं. आत्तापुरता मजकूर असा:

‘कंपनीच्या खात्याने लॉगिन करा. मूडलचा वेगळा पासवर्ड आता लागणार नाही.’
‘ओळख तपासत आहोत, थांबा.’
‘तुम्ही या नावाने आत आहात: … हे तुमचे नाव नसेल तर लगेच बाहेर पडा.’

मुळाकाठ:
तिसरं वाक्य झकास. फक्त जुनी खाती कशावर जुळवताय ते विचारून घ्या. ईमेलवर जुळवली आणि निम्म्या लोकांना कंपनीचा ईमेलच नसला, तर मूडल त्यांची नवी खाती उघडेल आणि आधी केलेले कोर्स जुन्या खात्यात पडून राहतील.

सेफ्टीवाला:
ईमेल कुठला, कंपनीचा नंबरच सगळ्यांकडे आहे. आणि ‘या नावाने आत आहात’च्या पुढे नावाआधी तो नंबर टाका. एका शिफ्टला आमच्याकडे संतोष शिंदे तीन निघतात.