भर उन्हाळ्यात गटाने १२ किलोमीटर चालायचंय, मदत हवी आहे

मंडळी,

आमचा पंधरा-वीस जणांचा गट येत्या उन्हाळ्यात एका दिवसाच्या पायपिटीला निघतोय. तारीख पक्की आहे. सगळ्यांच्या रजा जुळवताना नाकीनऊ आलेत, तेव्हा ‘थंडीत जा’ हा सल्ला कृपया नको. वाट अवघड नाही, बांधांवरून आणि माळावरून जाते, एकूण चढ ३०० मीटरच्या आसपास. मात्र अर्ध्या वाटेनंतर सावली जवळजवळ नाहीच. वयं १४ ते ६८. एका काकांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत.

वेळेचा हिशेब नाइस्मिथच्या नियमाने केला: तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे जेमतेम तीन तास. पण नियम १८९२ सालचा, तोही स्कॉटलंडच्या गिर्यारोहकाचा. रखरखीत उन्हात आणि एवढ्या लोकांना घेऊन तो कितपत चालेल?

पाण्यावरून गटात दोन तट पडलेत. एकजण म्हणतो तहान लागली की प्या, दुसरा म्हणतो ढोसत राहा. खरं काय?

आणि माझी खरी काळजी वेगळीच आहे. ‘थांबूया’ असं आमच्यात कोणी म्हणतच नाही. चेहरा लालबुंद, पावलं फेंगडी पडतायत, तरी विचारलं की ‘मला काही होत नाहीये’. परत फिरायचं कधी आणि ते ठरवायचं कोणी?

माळरान
तीन तास विसरा, पाच धरा. फटफटताच चालायला लागा आणि अकराच्या आत संपवा. सूर्य माथ्यावर येतो बाराच्या सुमारास, पण हवा सगळ्यात जास्त तापते ती दुपारी उशिरा, साधारण दोन ते चारला. त्यामुळे ‘बारा टळले, आता ऊन उतरेल’ हा हिशेब हमखास फसतो. हवामान खात्याचा आकडाही सावलीतला असतो. उघड्या माळावर अंगाला त्याहून बरंच जास्त जाणवतं. हवा दमट असेल तर आणखी वाईट, कारण घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही.

गटाचं म्हणाल तर नेहमीचा प्रकार असा: पुढचे टणाटण जाऊन झाडाखाली बसतात, मागचे धापा टाकत पोचतात आणि ते पोचताक्षणी पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. यावर उपाय एकच, विश्रांतीची दहा मिनिटं शेवटचा माणूस टेकल्यावर मोजायची. सगळ्यात हळू चालणारा वाटाड्याच्या लगेच मागे. शेपटाला एक अनुभवी माणूस, त्याच्या मागे कोणी राहता कामा नये.

बिनपंखाची
प्रथमोपचार शिकवते, म्हणून फक्त त्याबद्दल. ‘बरं वाटतंय का’ हा प्रश्नच विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी ‘आता कुठे वळायचं?’, ‘मघाशी कुठे थांबलो होतो?’ असं विचारा.

डोकं ठणकणं, मळमळ, घेरी, दरदरून घाम, पण बोलणं जागेवर: ही उष्णतेची दमछाक. सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, घोट घोट पाणी. अर्ध्या तासात तरतरी आली नाही तर मदत बोलवा, आणि आली तरी त्या दिवसापुरतं चालणं बंद.

बोलणं असंबद्ध, उगाच चिडचिड, तोल जातोय: हा उष्माघात धरून चाला. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ हा समज घातक आहे. चालून चालून होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. मदत बोलवा, पण ती येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. कपडे सैल करा, अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप नव्हेच.

माळरान
पाण्याचं राहिलंच. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे २०० ते २५० मिली. ढोसणाऱ्यांना सांगा, तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. नुसतं पाणी अती झालं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि मळमळ-डोकेदुखी तेव्हाही होते, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात. जलसंजीवनीची पुडी वापरलीत तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अंदाजपंचे नको.

काकांच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचाराच. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळ्या), दोन्हींमुळे उन्हाचा त्रास लवकर होऊ शकतो. स्वतःहून बंद मात्र करू नका.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! अडचण अशी की काकांना पुढे ठेवलं की अपमान वाटतो. ‘मला म्हातारा समजता का’ सुरू होतं.

बिनपंखाची
मग नकाशा त्यांच्या हातात द्या. नकाशावाला पुढेच असतो, आणि गट त्यांच्या चालीने चालेल. परत फिरायचं कोणी ते निघण्याआधीच जाहीर करा: तुम्ही किंवा शेपटाचा माणूस, दोघांपैकी एकाने म्हटलं की वाद नाही. सावली संपते तिथे घड्याळ बघा. ठरल्यापेक्षा तासभर उशीर झाला असेल तर माळावर उतरूच नका.

धागाकर्ता
त्या जागेजवळून डांबरी रस्ता जातो. तिथे एक गाडी उभी ठेवता येईल, चालवायला कोण तयार होतंय ते बघतो. अंग उन्हाला सरावायला किती दिवस लागतात?

माळरान
दहा ते चौदा. रोज तासभर, उन्हातच चाला. आजपासून सुरू करा.