शब्दचर्चा: ‘नग’

प्रश्न: जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामीवर छोटा लेख लिहिते आहे. जुन्या जॅझच्या तबकड्या, टी-शर्टांचे ढीग, मांजरं आणि साध्या दिवसात मधेच घडणारं काहीतरी भलतंच, या सगळ्या ओढीला मराठी शब्द हवा आहे. ‘विक्षिप्त’ लिहून खोडलं. ‘लहरी’ म्हणावं तर हा गृहस्थ कादंबरी चालू असताना पहाटे चारला उठून लिहायला बसतो, दिवसाआड नव्हे, रोज. लहरी कसला? सुचवा काहीतरी.

उत्तर: विक्षिप्त खोडलंत ते बरं केलंत. मुळात शब्द चांगला आहे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. विक्षिप्त म्हणजे मधूनमधून स्थिरावणारं चित्त. पण आपल्याकडे विक्षिप्त म्हटलं की पेन्शनीत निघालेले, शेजाऱ्यांवर खेकसणारे काका दिसतात. ‘छांदिष्ट’ घ्या. 1974 साली तोक्योजवळ कोकुबुंजीत जॅझ बार काढून त्याला आपल्या मांजराचं नाव देणारा, ‘पीटर कॅट’, तो छांदिष्टच.

दुसरं उत्तर: छांदिष्ट माणसाला झालं. त्याच्या हाती लागणाऱ्या वस्तूंचं काय? ‘पुराणवस्तू’ म्हटलं की काचेचं कपाट आलं, ‘दुर्मीळ’ म्हटलं की किंमत आली. मी ‘नग’ म्हणेन.

लाँड्रीच्या पावतीवर असतो तोच नग. ‘शर्ट 4, पँट 2, एकूण नग 6’. आणि ‘काय नग आहे!’ यातलाही तोच. मोजणीतला कोरडा शब्द माणसाला लावला की एकदम चावट होतो. मुराकामीचा तो टी-शर्ट आठवा. माउई बेटावर जुन्या कपड्यांच्या दुकानात एका डॉलरला घेतलेला, छातीवर ‘टोनी टाकितानी’ असं नाव. हा कोण बुवा, या कुतूहलापोटी त्याने त्याच नावाच्या माणसाची कथा लिहून टाकली. शर्ट एका निवडणूक उमेदवाराच्या प्रचाराचा होता, हे नंतर कळलं. शर्ट हा एक नग, आणि त्यातून निघालेला माणूसही नग!

काही जण इथे ‘नमुना’ म्हणतील. मला पटत नाही. नमुना बघून उरलेला माल कसा असेल ते कळतं, म्हणजे तसे आणखी आहेत. नगाला जोडी नसते.

लिंगाचंही बघा. ‘ती असली नग आहे’ कानाला खटकतं. ‘ती असला नग आहे’ बरोबर वाटतं. बाई असो, मांजर असो, नग पुल्लिंगीच राहतो.

तिसरं उत्तर: संस्कृतात नग म्हणजे पर्वत, न गच्छति, जो जात नाही तो. कालिदासाचा ‘नगाधिराज’ म्हणजे हिमालय. पावतीवरच्या नगाशी त्याचा संबंध जोडू नका, अर्थ कुठेच जुळत नाही. फक्त आमचं मांजर माझ्या खुर्चीत बसलं की दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात.

आणि त्या ‘भलतंच’साठी घरातला ‘चमत्कारिक’ का नको? त्याच्या ‘द वाइंड-अप बर्ड क्रॉनिकल’ या कादंबरीची सुरुवात बघा: गॅसवर स्पॅगेटी उकळते आहे, रेडिओवर रॉसिनीचं संगीत चालू आहे, फोन वाजतो आणि पलीकडे अनोळखी बाई. शिवाय घरातलं मांजर बेपत्ता. यात चमत्कार एकही नाही, पण सगळं चमत्कारिक. ‘अद्भुत’ म्हटलंत तर परीकथा होईल आणि स्पॅगेटी गार होईल.

प्रश्नकर्ती: तिन्ही घेतले. माणूस छांदिष्ट, दिवस चमत्कारिक आणि कपाटात ‘एकेक नग’. लेख पाठवला. आत्ताच संपादकांचा निरोप आला: ‘नगांची नेमकी संख्या टाकायची राहिली का?’