फळांची चित्रं आणि जेवणाची खोली
फळं, भांडी अशा मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र म्हणजे स्थिरचित्र. 'तो नुसता हात बसवायचा सराव, त्यात विचार कसला?' असं काहीजण म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेपुरतं तरी मला ते पटत नाही. सेव्हरिन रोझेनचंच बघा. हा जर्मन चित्रकार १८४८ मध्ये न्यूयॉर्कला आला, पुढे पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला राहिला. लाकडाच्या धंद्यावर गबर झालेलं गाव. त्याची चित्रं बघा: संगमरवरी फळीवरून ओसंडणारी द्राक्षं, पीच, आणि मध्येच अंडी असलेलं घरटं. भरल्या घराची जाहिरातच ती! (तीच फळं तो चित्रामागून चित्रात वापरायचा, गिऱ्हाइकांची तक्रार नसावी.) ज्यांना हाताने रंगवलेलं मूळ चित्र परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी बोस्टनच्या लुई प्रँग या छापखानेवाल्याने अशा प्रकारच्या चित्रांच्या रंगीत शिळाछापाच्या (दगडावरून छापलेल्या) प्रती काढल्या.

याउलट चित्रकार विल्यम हार्नेटचं १८८५ चं 'शिकारीनंतर' हे स्थिरचित्र. बंदूक, फुंकायचं शिंग, मेलेले पक्षी. ते टांगलं होतं न्यूयॉर्कच्या एका झोकदार मद्यालयात. घर बायकांचं, बाहेरचं जग पुरुषांचं, ही त्या काळची वाटणी इथे भिंतींवरही दिसते. पण ती पक्की नाही. मारलेल्या पक्ष्यांची चित्रं घरच्या जेवणाच्या खोलीतही लागत. ती कुणाच्या हौसेने लागत असतील, यावर कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.